विनूची लाल गाडी आणि आमचे संशय

जी वस्तू घरात निमूट चालते तिचे किस्से होत नाहीत. विनूच्या अंगणात एक स्कूटर आहे. ती कधी बंद पडत नाही. झालं, तिच्याबद्दल सांगण्यासारखं संपलं. पण तिच्या शेजारी ताडपत्रीखाली जी लाल गाडी उभी असते, तिचा विषय काढायचा असेल तर घरी सांगून या की जेवायला थांबू नका.

विनू सोनटक्के म्हणजे आमचा रायपूरच्या चौबे कॉलोनीतला मित्र. सरकारी नोकरीतून रिटायर झालेला. गाडी त्याच्या बाबांची. बाबांनी ती तरुणपणी, मायदेशी परत चाललेल्या एका परदेशी इंजिनिअरकडून घेतली होती. दोनच माणसं बसणारी, टप उघडणारी, अस्सल स्पोर्ट्स कार. बाबांच्या हाताखाली तिनं जन्मभर कुरकुर केली नाही. बाबा गेले, गाडी विनूकडे आली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिनं पेट्रोल पिणं सोडलं. म्हणजे घरून झोकात निघायची, तेलीबांध्याचा तलाव ओलांडला की खोकायची आणि बंद. टाकीत पेट्रोल असायचं, पण इंजिनापर्यंत पोचायचं नाही. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

दर रविवारी सकाळी आम्ही तिघं तिच्याभोवती जमायचो. विनू, मी आणि मेश्राम. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. मेश्राम बीरगांवला राहतो, उरला या औद्योगिक वस्तीतल्या एका कारखान्यात फोरमन होता. तो आणि विनू शाळेपासून एका बाकावरचे.

पेट्रोल पंप बदलला, फिल्टर बदलला. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या. गाडी तेलीबांध्यापर्यंत गेली आणि थांबली. असं सारखं झालं की माणूस संशयी होतो. विनू तर मुळातच संशयी, दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारा. हसण्यासारखं पुष्कळ झालं, पण आधीच सांगून ठेवतो, या गाडीपायी विनू आणि मेश्राम यांची जन्माची दोस्ती तुटायला आली होती, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

*

पहिला संशय साहजिकच पेट्रोलवर. विनू म्हणाला, मास्तर, तुझं शिक्षण कधी कामी येणार?

मी लॅबमधून फिल्टर पेपर घेऊन आलो. परीक्षा सोपी असते. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. शुद्ध असेल तर उडून जातो, मागे काही राहत नाही. भेसळ असेल तर डाग राहतो. अंगणात थेंब टाकला, वाळू दिला, आणि कागदावर छान पिवळट तेलकट डाग! विनू तो कागद हातात धरून तसाच चपला घालून पंपावर. मागे मी, विज्ञानाचा प्रतिनिधी म्हणून.

पंपाचा मॅनेजर शांत माणूस. त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं. त्याच्याकडचा एक कागद काढला, नळीतला थेंब टाकला, फुंकर घातली. कागद कोरा. मग त्यानं आमचा कागद घेतला, नाकाजवळ नेला, पुन्हा एकदा नेला आणि अत्यंत आदरानं म्हणाला, "सर, आपके पेट्रोल में लहसुन है।"

झालं असं होतं की फिल्टर पेपर ज्या पिशवीत होते त्याच पिशवीत आमच्या घरून आलेले मूगवडे होते. मेश्रामला हे कळलं तेव्हा त्यानं मला एवढंच विचारलं, की तुमच्या कॉलेजचे पोट्टे पास कसे होतात? विनूचा संशय मात्र गेला नाही. त्याचं म्हणणं, मॅनेजरनं कागद आधीच तयार ठेवला होता.

*

मग विनूच्या लक्षात आलं की गाडी दर वेळी साधारण एकाच जागी मरते, आणि त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर साहू नावाच्या माणसाचं गॅरेज आहे.

"हा रस्त्यावर काहीतरी करून राहिला," विनू म्हणाला.

मेश्राम म्हणाला, बाबा रे, रस्त्यावर खिळे टाकून लोक पंक्चर करतात हे मी ऐकलं आहे, पण रस्त्यावरून कुणी टाकीतलं पेट्रोल कसं अडवेल? विनू म्हणाला, तेच तर पाहायचं आहे. आणि आम्ही तिघं भले गृहस्थ गॅरेजसमोरच्या चहाच्या ठेल्यावर जाऊन बसलो, तिघांच्या तोंडासमोर तीन वर्तमानपत्रं.

साहूनं आमच्याकडे एकदा पाहिलं. मग दोनदा. मग त्यानं शटर अर्धं खाली घेतलं. विनूनं माझ्या पायावर पाय दिला. थोड्या वेळानं साहूनं शटर पूर्ण पाडलं, आणि मागच्या बाजूनं वळसा घालून, हात जोडून आमच्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "भैया, नापना है तो नाप लो। ऐसे बैठ के डराओ मत।"

त्याच्या गॅरेजची पत्र्याची शेड रस्त्यावर जरा जास्तच आली होती. त्याला वाटलं आम्ही मोजायला आलेले सरकारी लोक. त्यानं आमच्या चहाचे पैसेसुद्धा आम्हाला देऊ दिले नाहीत. परत येताना विनू पूर्ण वेळ एकच सांगत होता, जो एवढा घाबरतो त्यानं काहीतरी केलेलं असतंच.

*

मेश्रामचा संशय माणसांवर नव्हता, उन्हावर होता. आमच्या रायपूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊक असेल तर हा संशय अगदीच वाया गेलेला नव्हता. त्याचं म्हणणं, इंजिनाच्या उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. उपाय त्यानं कुणा जुन्या ड्रायव्हरकडून ऐकला होता. नळीला ओळीनं लाकडी चिमटे लावायचे, कपडे वाळत घालतात ते. लाकूड उष्णता अडवतं.

विनूच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, दोरीवरचे सगळे चिमटे त्या सकाळी नाहीसे झाले. वहिनींनी कामवाल्या बाईवर संशय घेतला, बाईनं माकडांवर घेतला. आम्ही तोवर तेलीबांध्याला पोचून बंद पडलो होतो.

गाडी चौकाच्या तोंडाशीच थांबली, म्हणून ट्रॅफिकचा शिपाई आला. विनूनं बॉनेट उघडलं. शिपायानं वाकून आत पाहिलं. नळीवर शिस्तीत बसलेले चिमटे त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. मग आमच्याकडे पाहिलं.

"कपड़े किधर हैं?"

मेश्राम जराही न हलता म्हणाला, "सूख गए।"

*

हिवाळा आला तरी गाडी बंदच पडायची, तेव्हा उन्हावरचा संशय संपला आणि चोरावरचा सुरू झाला. विनूला वाटू लागलं की अंगणातून कुणीतरी पेट्रोल काढतं आहे. त्यानं झाडूची एक लांब काडी घेतली आणि येता-जाता टाकीत बुडवून पेट्रोल किती आहे ते पाहू लागला.

एकदा तेलीबांध्याला गाडी बंद पडली असताना त्यानं आम्हाला दाखवायला म्हणून टाकीचं झाकण उघडलं, काडी बुडवली, काडी अर्धी ओली. पेट्रोल होतं. झाकण लावलं, किल्ली फिरवली, आणि गाडी लगेच सुरू!

विनू आमच्याकडे वळला. "पाहिलं? तपासणी सुरू केली का सरळ होते. सरकारी हापिसासारखी."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. केमिस्ट्रीचा मास्तर आणि कारखान्याचा फोरमन! उत्तर आमच्या नाकासमोर होतं आणि आम्ही हसत होतो. आज आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

ती काडी मात्र विनूच्या आईनं पाहिली. आई पंच्याऐंशीच्या पुढच्या, पण नजर घारीची. झाडू म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीची काडी मोडून गाडीत खुपसतो म्हणजे पोरानं करणीबिरणी सुरू केली की काय, अशी त्यांना शंका आली. त्यांनी विनूला अंगणात उभं करून विचारलं, "कोण्या बैग्यानं सांगतलं तुले हे?" बैगा म्हणजे आमच्याकडचा मांत्रिक. विनूनं पेट्रोल, पंप, चोर असं सगळं समजावलं. त्यांचा काही विश्वास बसला नाही. संध्याकाळी त्यांनी गाडीची दृष्ट काढली, पूजा केली, आणि विनूचीही दृष्ट काढली.

*

आता तो रविवार.

विनूच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. मुलाचे वडील शनिवारी नागपूरहून येणार होते. विनूच्या मनात आलं, त्यांना स्टेशनवरून लाल गाडीतून आणावं. मेश्रामनं आदल्या दिवशी येऊन कार्बुरेटर पूर्ण खोलला, धुतला, पुन्हा बसवला. गाडी नव्यासारखी बोलू लागली. आनंदाच्या भरात विनूनं पाहुण्यांना सरळ घरी न आणता तलाव दाखवायला नेलं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पाहुणे भले होते, पांढऱ्या पँटीत उतरून त्यांनी गाडीला धक्का मारला. पण विनूची मान खाली गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मेश्राम आपल्या पान्यांची पिशवी घेऊन आला. वाकून बॉनेट उघडायला लागला, तसा विनू मागून म्हणाला, "राहू दे. तू हात लावला का बिघडते."

मेश्रामला वाटलं नेहमीची थट्टा आहे. म्हणाला, हव रे, पान्यातच दोष हाय माह्या.

"थट्टा नाही करून राहिलो. गाडी नीट झाली तर तुले इथं कोण बोलावीन? म्हणून तूच बिघडवून राहिला."

अंगणात वहिनी होत्या, मी होतो. मेश्रामची बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते, मुलगा पुण्याला. रविवारची ही सकाळ त्याच्यासाठी काय होती ते विनूला माहीत होतं, आणि नेमकं तिथंच त्यानं बोट घातलं. शिवाय आणखी एक गोष्ट, जी मेश्रामनं बोलून दाखवली नाही, पण आम्हाला तिघांनाही ऐकू आली. सोनटक्क्यांच्या घरी शाळेच्या दिवसांत त्याला अंगणापर्यंतच बोलावत असत. या आईच होत्या ज्यांनी पुढे त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवून जेवू घातलं.

मी म्हटलं, विन्या, हे चुकलं तुझं, आत्ताच्या आत्ता माफी माग. तो म्हणाला, तूही त्याच्यातलाच.

मेश्रामनं फडक्याला हात पुसले, फडकं बॉनेटवर घडी करून ठेवलं आणि पिशवी उचलून निघून गेला. मला विनूचा एवढा राग आला होता की मीही चहा न घेता निघालो.

*

मग काही रविवार रिकामे गेले. मी ब्राह्मणपारा मोहल्ल्यात भाजी आणायला जायचो आणि उगाच हळू चालायचो. मेश्रामला फोन केला तर तो हवापाण्याचं बोलायचा.

एके दिवशी विनूचाच फोन. आवाजात विजय. गाडी तेलीबांध्याच्या कितीतरी पुढे, आरंग गावापर्यंत जाऊन परत आली होती, वाटेत एकदाही बंद न पडता!

"मेश्राम येणं बंद झाला आन् गाडी सुरू झाली. आता बोल मास्तर."

खरं सांगतो, क्षणभर माझ्याही मनात पाल चुकचुकली. मग मी विचारलं, बाकी काही वेगळं केलं होतंस का? तो म्हणाला, काही नाही, फक्त सकाळी पंपावर पेट्रोल भरताना कुणीतरी टाकीचं झाकण लांबवलं, म्हणून तोंडाला फडकं कोंबून गेलो होतो. झाकण चोरणाराही मेश्रामच्या ओळखीचा असावा असा त्याला दाट संशय होता.

झाकण चोरीला गेलंच नव्हतं. विनू ते पंपावर विसरला होता, आणि त्याच लसणीच्या मॅनेजरनं ते जपून ठेवलं होतं. त्यानं ते घरपोच पाठवलं. विनूनं ते लावलं, मला शेजारी बसवलं आणि आपली निर्दोष गाडी दाखवायला निघाला. तेलीबांध्याला गाडी खोकली आणि बंद पडली.

या वेळी तिथं संशय घ्यायला कुणीच नव्हतं. मेश्राम बीरगांवात होता, साहूचं गॅरेज बंद होतं, ऊन नव्हतं. विनू रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला. मी म्हटलं, ते झाकण काढ.

काढताना आत हवा शिरल्याचा सूं असा आवाज आला. जुन्या गाड्यांच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी त्यातून टाकीत हवा जाते. हवा गेली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. हे मी दरवर्षी मुलांना पिपेटचं, म्हणजे काचेच्या नळीचं, वरचं तोंड बोटानं बंद करून शिकवतो. मी झाकण उजेडात धरलं. भोक दिसेना. विनूच्या किल्लीला एक सेफ्टी पिन होती, तिनं टोकरलं तर आतून लालसर, चिकट असं काहीतरी निघालं. बोटानं चुरडलं.

"मेण हाय," मी म्हटलं.

विनूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मेण त्यानं ओळखलं होतं. पूर्वी आपल्या बायका कपाळाला आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. बाबा असेपर्यंत विनूच्या आई तसंच लावत. पितळेची लहानशी मेणाची डबी होती त्यांची.

घरी आलो. आई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. विनूनं झाकण त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, आई, याले तू कुंकू लावतेस?

"दर शुक्रवारी लावतो. आन् तुम्ही खोलखाल केली का त्या दिवशी पण लावतो. तू रोज सकाळी पुसून टाकतं फडक्यानं, मी काही म्हणतो का?"

म्हणजे आई मेण लावायच्या, आणि विनू रोज घासून घासून ते भोकात बसवायचा.

विनू म्हणाला, अगं पण मेण काहून? नुसतं कुंकू नाही चालत?

आई त्याच्याकडे पाहत राहिल्या. "ह्यांची गाडी हाय ते. माह्यं कपाळ रिकामं झालं. तिचं काहून रिकामं ठेवू?"

विनू तिथंच पायरीवर बसला. मी दुसरीकडे पाहू लागलो. दोघांपैकी एकालाही पुढचं सांगता आलं नाही, की तुमच्या कुंकवानंच गाडी गुदमरते.

*

बीरगांवला आम्ही स्कूटरवरून गेलो. मेश्राम दारात वर्तमानपत्र वाचत होता. आम्हाला पाहून उठला नाही.

"माफी मागाले आला का गाडी दुरुस्त कराले?"

विनू म्हणाला, "दोन्ही."

"मंग आधी माफी माग."

विनूनं मागितली. नीट मागितली. म्हणाला, मी तुले नाही बोलाले पाहिजे होतं ते बोललो, चुकलं माह्यं, तू नसला का त्या गाडीचं मी काय करू. मेश्राम संशयानं माझ्याकडे पाहू लागला, की हे मी पढवून आणलं आहे का. मी मान हलवली. मग विनूनं खिशातून झाकण काढून त्याच्या हातात दिलं आणि मेणाची सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाला, भोक साफ केलं आहे, पण आईला नाही म्हणणं माझ्याच्यानं होत नाही.

मेश्रामनं झाकण उलटसुलट करून पाहिलं. त्याच्या घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, कुंकवाशी त्याचा आयुष्यात संबंध आला नाही. म्हणाला, झाकणाचं भोक सोडून दे, टाकीला हवा दुसरीकडून देता येते.

पुढच्या रविवारी तो पिशवी घेऊन आला. टाकीवर पेट्रोलच्या काट्याची जी प्लेट असते ती त्यानं खोलली, त्यात एक बारीक तांब्याची नळी बसवली, आणि नळीचं दुसरं टोक खाली न्यायला गाडीखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. विनू त्याला पाने देत होता. हाच पाना का, दुसरा का नाही, असं दर वेळी विचारत होता.

तेवढ्यात आई काठी टेकत बाहेर आल्या. हातात कुंकवाचा करंडा आणि पितळेची डबी. गाडीजवळ आल्या आणि थांबल्या. आम्ही कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण झाकणाबद्दल विचारणा झाल्यापासून त्यांनी मधल्या शुक्रवारी कुंकू लावलं नव्हतं, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. त्यांनी विनूकडे पाहिलं नाही. वाकून गाडीखालच्या पायांना विचारलं, "मेश्राम, लावू न रे?"

गाडीखाली पान्याचा आवाज थांबला.

"लावा आई," मेश्राम म्हणाला. "दाबून लावा."